पिंजऱ्यातले जव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या नगरसभेचे सर्वांत वयोवृद्ध सभासद सेर्वियुस. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले जुपिटरच्या देवळाचे पुजारी. डाव्या हाताला अवघडून बसलेले, ज्यांच्यासाठी आज आपण सगळे धुतलेले कपडे घालून आलो आहोत, ते आपले सत्कारमूर्ती नुमेरियुस. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी गाविया आणि इतर माताभगिनी. माझ्या जुन्या पलटणीतले सोबती आणि या वसाहतीचे समस्त नागरिकहो,

प्रथेप्रमाणे सकाळी कौल घेतला. कोंबड्यांनी मनापासून खाल्लं, दोन घास चोचीतून खालीही सांडले. तेव्हा आजच्या समारंभाला देवांची हरकत नाही. हरकत असलीच तर ती बाहेर शिजत असलेल्या डुकराची वाट पाहणाऱ्यांची असेल, कारण भाषण मी करणार आहे. लेखनिक प्रोकुलुस यांनी माझ्यासमोर पाण्याचं घड्याळ आणून ठेवलं आहे. भांड्यातलं पाणी गळून संपलं की मी थांबायचं, असं ठरलं आहे. गेल्या वर्षी गटारांच्या ठरावावर मी बोललो तेव्हा हे भांडं दोनदा भरावं लागलं होतं, ते त्यांच्या लक्षात आहे. अशा माणसांमुळेच गावाचा कारभार चालतो.

सत्कारमूर्तींचा परिचय करून द्यायची पद्धत आहे. पण नुमेरियुस यांचा परिचय कोणाला करून द्यायचा? पलटणीत बारा वर्षं आणि या गावात एकवीस वर्षं हा माणूस देवाच्या कोंबड्या सांभाळतो आहे. इथं बसलेल्या प्रत्येकाचं लग्न, खटला, निवडणूक किंवा लढाई कधी ना कधी त्यांच्या पिंजऱ्यापाशी अडलेली आहे. काम दिसायला सोपं. आदल्या दुपारपासून कोंबड्यांना उपाशी ठेवायचं. सकाळी शांततेत पिंजऱ्याचं दार उघडायचं, पिठाच्या गोळ्याचे तुकडे टाकायचे आणि बघत राहायचं. खाल्लं तर देव राजी, नाही खाल्लं तर घरी जा. आणि जे दिसलं ते मोठ्यानं सांगायचं. यातलं शेवटचं काम किती अवघड आहे, ते मी तीनदा नगरप्रमुख होऊन शिकलो.

तुम्हाला आठवत असेल, त्याच गटारांच्या ठरावाच्या वेळी पहिल्या सकाळी कोंबड्या खाईनात. सगळे सभासद ताटकळत उभे. मी नुमेरियुस यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, आणखी एक तुकडा टाका की."

"टाकला."

"जरा जवळ टाका."

"आता काय चोचीत घालू?" ते म्हणाले आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "खात नाहीत." सभा मोडली. गटारं पुढे तीन आठवडे तुंबली, आणि माझं घर उताराला आहे हे सर्वांना माहीत आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. एक उमेदवार होते. नाव घेत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. निवडणुकीच्या आदल्या दिवशी ते अंजिरांची करंडी घेऊन नुमेरियुस यांच्या दारात गेले. म्हणाले, "कोंबड्यांसाठी आणली आहेत."

"कोंबड्या अंजीर खात नाहीत."

"मग तुम्ही खा."

"मी खाल्लं तर कौल माझा येईल, त्यांचा नाही," असं म्हणून यांनी करंडी परत दिली. हसा, हसायला हरकत नाही. ते उमेदवार त्या वर्षी निवडून आले आणि त्यांनी कारभार चांगला केला.

असा हा माणूस उद्या सकाळी गाव सोडून समुद्रकाठी, अरिमिनुमला लेकीकडे राहायला जाणार. जावयाचा खारवलेल्या मासळीचा धंदा आहे. तिथं कोंबड्या नाहीत, म्हणून गावियाबाई खूश आहेत, असं माझ्या पत्नीकडून कळलं.

तर अशा माणसाचा गौरव करायचा म्हणून नगरसभेनं तांब्याची एक पाटी करवून घ्यायचं ठरवलं. ती कोंबड्यांच्या खुराड्यावर कायमची लागेल. पाटीवर काय कोरायचं यावर तीन बैठका झाल्या. एकाला वंशावळ हवी होती, एकाला सेनापतींचं नाव हवं होतं, आणि सेर्वियुस यांना स्वतःचंही नाव हवं होतं. शेवटी प्रोकुलुस यांनी एक ओळ सुचवली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. ओळ अशी होती: "त्याने जे पाहिलं, तेच सांगितलं." मलाही ती फार आवडली. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

पाच दिवसांपूर्वी सकाळी माझ्या घरी नेहमीसारखी कामं घेऊन आलेल्या लोकांची रांग होती. रांगेत नुमेरियुस उभे. मी म्हटलं, तुम्ही कशाला रांगेत, आत या. ते म्हणाले, माझा नंबर आला की येतो. आले. बसले नाहीत.

"पाटीवरची ओळ ऐकली," ते म्हणाले.

"मग? मनासारखी झाली ना?"

"ती काढा."

"का?"

"खोटी आहे. देवाच्या दारावर खोटं नको. नाव घाला, वर्षं घाला. हात चांगला असला कोरणाऱ्याचा तर एक कोंबडी काढा. पुरे झालं."

"अहो, लोक विचारतील, ओळ का गाळली म्हणून."

"सांगा, तांबं कमी पडलं."

मी हसलो. म्हटलं, "पण खोटं काय आहे त्यात? तेहेतीस वर्षांत एकदा तरी तुम्ही खोटा कौल सांगितलात का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागे रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. "मानियुस," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एवढ्या लोकांत मला बोलायला लावू नकोस." आणि निघून गेले.

तुम्ही म्हणाल, सत्काराच्या भाषणात हे कशाला? मीही पाच दिवस स्वतःला हेच विचारलं. ओळ खरंच खोटी आहे, आणि ती का खोटी आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक उद्या जाणार. दुसरा तुमच्यासमोर उभा आहे आणि त्याला बोलायची सवय आहे.

बावीस वर्षांपूर्वी आपली पलटण हिस्पानियात होती. मी शंभरांच्या तुकडीचा नायक होतो. त्या उन्हाळ्यात एका ओढ्यापाशी माझी तुकडी शत्रूला पाठ दाखवून पळाली. हे आपल्या गावात फारसं कोणी काढत नाही, कारण त्यातले एकतीस जण आज या दालनात बसले आहेत. वोपिस्कुस, मान खाली घालू नका, तुम्ही सगळ्यांत शेवटी पळालात हे मला आठवतं. पहिल्यांदा कोण पळालं तेही आठवतं, पण त्याला खूप वर्षं झाली.

सेनापतींनी शिक्षा दिली ती आपल्या रिवाजाप्रमाणेच. आमचे कमरपट्टे काढून घेतले. आमचे तंबू छावणीच्या बांधाबाहेर लावले. आणि आमचा गहू बंद करून जव सुरू केला. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना सांगून कळणार नाही. जव पोटाला वाईट नाही, पण शेजारच्या तंबूतून गव्हाच्या भाकरीचा वास येत असताना घोड्याचा दाणा गिळायचा, तो घशाखाली उतरत नाही. येता-जाता इतर तुकड्यांतली माणसं आमच्याकडे बघून खिंकाळायची. मी नायक होतो, मला गहू मिळाला असता. मी माझ्या माणसांबरोबर जवाची पेजच खाल्ली. एवढं एक चांगलं काम त्या महिन्यात माझ्या हातून झालं, ते आधीच सांगून ठेवतो.

मग आम्ही त्या डोंगरावरच्या गावाखाली येऊन थांबलो. वर दगडी भिंत, भिंतीवर रचलेले धोंडे, आणि खालपासून वरपर्यंत उघडाबोडका उतार. झाड नाही, झुडूप नाही. सेनापतींनी दुपारी मला बोलावलं. म्हणाले, "उद्या सकाळी कौल घेऊन चढाई. पहिली तुझी तुकडी. जवाचा कलंक धुऊन टाका."

मी म्हटलं, "होय साहेब." दुसरं काय म्हणणार?

बाहेर येऊन मी त्या उताराकडे बघितलं. नागरिकहो, मी त्याआधी तीन वेळा पहिला चढलो होतो. तीन वेळा वाचलेल्या माणसाला लोक शूर म्हणतात. पण त्याला स्वतःला माहीत असतं की आपण काही केलं म्हणून वाचलो नाही, बाजूचा गेला म्हणून वाचलो. मला भीती वाटली. मी माझ्या माणसांचा विचार करत होतो असं आज सांगता येईल, आणि तुम्ही विश्वासही ठेवाल. पण तसं नव्हतं. मी माझाच विचार करत होतो.

पेज वाटायची वेळ झाली होती. मी माझं भांडं घेतलं आणि चालत राहिलो. सेनापतींच्या तंबूशेजारी पिंजरा असायचा. नुमेरियुस ओढ्यावर पाण्याची भांडी घासायला गेले होते. पाच कोंबड्या होत्या. पलटणीनं त्यांना नावं ठेवली होती, त्यांतली एक थोरली आणि एक लंगडी एवढंच आता आठवतं. दुपारपासून उपाशी होत्या. भांडं बघून त्यांनी गजांतून माना बाहेर काढल्या.

हे चुकून झालं नाही. दया येऊनही झालं नाही. मी खाली बसलो आणि भांड्यातला जव मूठमूठ करून सगळा त्यांना घातला. थोरली तर माझ्या बोटांनाही टोचत होती.

आवाज कसला? पुजारी महाराज, बसा. मला माहीत आहे मी काय म्हणालो ते. कायदा काय आहे तेही माहीत आहे. देवाच्या कौलात ढवळाढवळ करणाऱ्या शिपायाला त्याच्याच तुकडीनं काठ्यांनी मरेपर्यंत मारायचं असतं. तो कायदा योग्य आहे. सेर्वियुस, अध्यक्षांनी मला थांबवायचं असेल तर तसं सांगावं. नाही? आभारी आहे.

परत येताना वाटेत नुमेरियुस भेटले. हातात घासलेली भांडी. माझ्या भांड्याकडे बघून म्हणाले, "रिकामं कसं रे?"

"जेवलो."

"चालता चालता?"

"भूक होती," मी म्हटलं. ते भांडी घेऊन पिंजऱ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी पलटण उभी. माझी तुकडी सर्वांत पुढे, पिंजऱ्यापासून तीन पावलांवर. सेनापती आले. नेहमीचे प्रश्न झाले.

"शांतता आहे का?"

"शांतता आहे असं दिसतं," नुमेरियुस म्हणाले.

पिंजऱ्याचं दार उघडलं. तुकडे टाकले. कोंबड्या बसून होत्या, एकमेकींना टेकून, डोळे अर्धे मिटून. थोरलीनं एक तुकडा पायानं बाजूला सारला.

"खातात का?"

नुमेरियुस वाकले होते. पिंजऱ्याच्या कडेला, पेंढ्यात, जवाचे सात-आठ फुगलेले दाणे पडले होते. मला माझ्या जागेवरून दिसत होते, म्हणजे त्यांना दिसलेच. साऱ्या छावणीत जव खाणारी एकच तुकडी होती, आणि तिच्यातला एकच माणूस आदल्या संध्याकाळी तिथून रिकामं भांडं घेऊन परतला होता. त्यांनी उजवा पाय पुढे टाकला आणि वहाण त्या दाण्यांवर ठेवली. मग मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं.

"खात नाहीत," ते मोठ्यानं म्हणाले.

सेनापती देवभीरू होते, पण रागीटही होते. चढाई तर आता करता येत नव्हती. ते नुमेरियुस यांच्यापुढे येऊन उभे राहिले. "उपाशी ठेवल्या होत्या?"

"मी कालच्या दुपारपासून काही घातलं नाही, साहेब."

"मग खात का नाहीत?"

"कौलात तेवढंच कळतं साहेब, की खात नाहीत."

"आजारी पाडल्यास. दोन वेळचं दाणापाणी जमत नाही तुला. वीस फटके." आणि ते वळले. सगळ्यांत जवळ उभा असलेला नायक मी होतो. "मानियुस, दे याला."

आपल्या पलटणीत नायकाच्या हातात द्राक्षवेलीची काठी असते ती शोभेची नसते, हे शिपाई राहिलेल्यांना सांगायला नको. मी मारलं. हळू मारता आलं नसतं का, असं कोणाच्या मनात येईल. सेनापती बघत होते. हळू मारलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का. म्हणून मी जोरात मारलं. मोठ्यानं मोजत मारलं. बाराव्या फटक्याला त्यांनी डोकं वाचवायला डावा हात वर घेतला, आणि दोन बोटं मोडली. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. गावातली मुलं त्यांना कोंबडीचा पाय म्हणतात. वीस पूर्ण होईपर्यंत त्या माणसाचा उजवा पाय जागचा हलला नाही. तो हलला असता तर दाणे दिसले असते.

सत्कारमूर्ती माझ्या टोग्याचं टोक ओढताहेत. ओढू द्या. त्या हाताला फार जोर नाही, कारण तो डावा आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला माहीत आहे तसं ते झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी कोंबड्यांनी खाल्लं. आम्ही चढलो. मी पहिला. धोंडा आला नाही, बाण आला नाही. आम्ही एक दिवस थांबलो तेवढ्यात वरची माणसं पाठीमागच्या वाटेनं गाव सोडून निघून गेली होती. भिंतीवर पहिला पाय माझा पडला, आणि पलीकडे एक म्हातारी शेळी उभी होती. सेनापतींना रोमला विजय कळवायचा होता. शेळीविषयी कळवून भागणार नव्हतं, तेव्हा भिंतीवर पहिल्यांदा चढणाऱ्याला देतात तो सोन्याचा मुकुट त्यांनी मला दिला. तो माझ्या घरात दारासमोरच टांगलेला असतो. दर निवडणुकीत माझे लोक गावच्या भिंतींवर रंगवतात, "भिंतीवर पहिला, मानियुस." तीनदा तुम्ही मला त्यावर निवडून दिलंत.

आता यात एक गंमत आहे, ती सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ती भिंत आदल्या दिवशी रिकामी नव्हती. आम्ही त्या सकाळी चढलो असतो तर इथल्या त्या एकतीस खुर्च्यांपैकी बऱ्याच आज रिकाम्या असत्या. म्हणून मी मनाची समजूत घालत आलो, की देवांनीच माझ्या हातून जव घातला असेल. पुजाऱ्यांना हे पटेल की नाही मला माहीत नाही. मला स्वतःला ते रात्री पटतं आणि सकाळी पटत नाही. कारण वाचलो आम्ही, मुकुट माझा, आणि बोटं नुमेरियुसची.

आठ-दहा दिवसांनी मी त्यांना गाठलं. हाताला फळी बांधून ते दाणे निवडत होते. मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं, खातात का. मी म्हटलं, नाही. का खात नाहीत ते मला कोणी माझ्या शपथेवर विचारलं नाही."

"तुला मार पडला."

"हो. आणि सांगितलं असतं तर तू मेला असतास. तू मेल्यावर माझी बोटं सरळ झाली असती का?" थोडा वेळ ते दाणे निवडत राहिले. मग म्हणाले, "पण एक सांगतो मानियुस, पुन्हा माझ्या पिंजऱ्याला हात लावशील तर मी पाय ठेवणार नाही."

बस. त्यानंतर बावीस वर्षांत आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही.

ते बोलले नाहीत, पण जमीन बोलत राहिली. वसाहत वसली तेव्हा ज्यांच्या नावापुढे फटक्यांची शिक्षा लिहिलेली होती त्यांना शेवटी जमीन मिळाली. नुमेरियुसच्या वाट्याला नदीकाठची गोट्यांची पट्टी आली. तिथं गहू येत नाही. जव येतो. दरवर्षी कापणी झाली की पहिली पायली ते माझ्या घरी पाठवतात, जशी शेजारीपाजारी वानवळा पाठवतात तशी. माझी पत्नी ओप्पिया पहिल्या वर्षी म्हणाली, "या माणसाच्या शेतात दुसरं काही पिकत नाही का?"

"नाही. ती जमीनच तशी आहे."

"मग बदलून द्या की. गावाची वरच्या अंगाची जमीन पडून आहे. नगरप्रमुख कशासाठी झालात?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "नको म्हणाला."

ओप्पिया, तू दाराशी उभी आहेस म्हणून तुलाही सांगून टाकतो. मी कधी विचारलं नव्हतं. तीनदा नगरप्रमुख झालो आणि एकदाही विचारलं नाही. जमिनीचा प्रश्न सभेपुढे आणला असता तर जुनी शिक्षा निघाली असती, शिक्षेचं कारण निघालं असतं, आणि कोणीतरी विचारलं असतं की त्या दिवशी कोंबड्यांना झालं तरी काय होतं. फटके मी भीतीपोटी मारले, ते एका सकाळचं काम होतं. जमीन बदलली नाही, ते मी एकवीस वर्षं करत होतो. दोन्हींत जास्त वाईट कुठलं ते मला कळतं.

आता पाटीकडे येतो. प्रोकुलुस, ते फडकं काढा. बघा सर्वांनी. नाव आहे, वर्षं आहेत आणि कोंबडी आहे. कोंबडी थोडी बदकासारखी झाली आहे, त्याला इलाज नाही. ओळ नाही. नगरसभेनं एकमतानं मंजूर केलेली ओळ मी कोणाला न विचारता काढायला लावली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं नव्हतं. सात-आठ दाणे राहिले होते. लोक विचारतील, ओळ का गाळली. तांबं कमी पडलं असं मी सांगणार नव्हतो, म्हणून उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात निवडणूक आहे आणि माझं नाव चौथ्यांदा भिंतींवर लागलं आहे. चुना मारणाऱ्याला मी सकाळीच सांगून ठेवलं आहे, तो आज दुपारपासून ते पुसायच्या कामाला लागेल. मुकुट देवळात जमा करतो, पुजाऱ्यांना घ्यायचा असला तर. बाकी नगरसभेनं जो निर्णय करायचा तो करावा, मी गावातच आहे. त्या जमिनीचा ठराव मात्र मी नगरप्रमुख आहे तोवर, म्हणजे उद्या सकाळी यांची गाडी सुटायच्या आत, सभेपुढे ठेवतो. वरच्या अंगाची जमीन नुमेरियुसच्या लेकीच्या नावे. कोंबड्यांनी खाल्लं तर.

भांड्यातलं पाणी संपलं आहे, आणि प्रोकुलुस ते पुन्हा भरत नाहीत हे मी बघतो आहे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पुजाऱ्यांनी मला मध्येच हाकललं नाही, आणि तुम्ही बाहेरच्या मांसाचा वास सोसत बसून राहिलात, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. नावं घेताना कोणी राहिलं असेल, बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्या शिपायाचं बोलणं समजून सभेनं ते पोटात घालावं. हे प्रत्येक भाषणाच्या शेवटी म्हणायचं असतं, मी आजवर शंभरदा म्हटलं असेल.

पण आज मला एका माणसाची खरोखरच माफी मागायची आहे. नुमेरियुस, मी तुझ्या कोंबड्यांना चारलं, तुला मारलं, तुझी बोटं मोडली, आणि तू गप्प राहिलास याचा बावीस वर्षं फायदा घेतला. मला माफ कर. जमत नसेल तर करू नकोस.

मी बसतो. आता तू ऊठ, आणि या वेळी जे पाहिलंस ते सगळं सांग.